सर्वांत अवघड प्रतिस्पर्धी कोण? एका निवृत्त बॉक्सरच्या आठवणीचा पडताळा

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका जुन्या बॉक्सिंग क्लबची स्मरणिका काढायचं ठरलं. संपादनाचं काम क्लबचे माजी सचिव, सध्याचा प्रशिक्षक आणि मी अशा तिघांकडे आलं. अध्यक्षांचं मनोगत, शुभेच्छा आणि जाहिराती असायच्याच. आमचा सगळा जीव मात्र मधल्या पानांत होता, कारण तिथे जुन्या बॉक्सरांच्या मुलाखती यायच्या होत्या. प्रत्येकाला एक प्रश्न समान ठेवला होता : तुमचा सर्वांत अवघड प्रतिस्पर्धी कोण?

हा प्रश्न कुठल्याही निवृत्त बॉक्सरला विचारला की तो खुलतो. पदकांबद्दल दोन वाक्यांत बोलणारा माणूस समोरच्याच्या डाव्या हाताबद्दल अर्धा तास बोलतो. वाचकांनाही ते आवडतं. त्यामुळे ही उत्तरं छापली जातात, पुन्हा पुन्हा उद्धृत होतात आणि काही वर्षांनी इतिहास म्हणून वापरली जातात. हौशी बॉक्सिंगच्या बाबतीत तर बहुतेकदा तेवढाच इतिहास उरतो. व्यावसायिक बॉक्सरांच्या लढतींची चित्रफीत असते, राउंडनिहाय गुण असतात. आपल्याकडच्या ऐंशीच्या दशकातल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य लढतीचं काय असतं? निकालाची एक ओळ, तीही मिळाली तर.

हे प्रकरण ज्यांचं आहे ते लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आज वय सत्तरीच्या आसपास. पुणे आणि लष्करी बॉक्सिंग यांचं नातं जुनं आहे. आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट २००१ साली आली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या पलटणींच्या रिंगमधून सर्व्हिसेसच्या, म्हणजे सैन्यदलांच्या एकत्रित, संघात बॉक्सर जात होते. सुभेदार त्यांतलेच एक. ओळख पटू नये म्हणून त्यांचं नाव, वजनगट आणि प्रतिस्पर्ध्यांचे काही तपशील इथे दिलेले नाहीत किंवा बदलले आहेत.

त्या काळचे नियम पुढे लागणार आहेत, म्हणून ते आधी सांगतो. लढत तीन-तीन मिनिटांच्या तीन राउंडची. रिंगभोवती पाच पंच कागदावर गुण मांडायचे. राउंड जिंकणाऱ्याला २० आणि दुसऱ्याला त्याहून कमी. निकाल ५-०, ४-१, ३-२ असा जाहीर व्हायचा. बटणं दाबून गुण देण्याची संगणकी पद्धत ऑलिंपिकमध्ये १९९२ साली बार्सिलोनाला आली. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे एका राउंडमध्ये तीन किंवा पूर्ण लढतीत चार सक्तीचे काउंट (बॉक्सर पडला किंवा डगमगला की रेफरी आठपर्यंत मोजतो, तो एक काउंट) झाले की रेफरी लढत थांबवायचा. त्याला रिंगच्या भाषेत आरएससी, म्हणजे 'रेफरी स्टॉप्ड कॉन्टेस्ट', म्हणतात. डोक्यावरच्या ठोशांमुळे थांबवली तर आरएससी-एच.

अडचण कुठे आली

पहिली मुलाखत क्लबच्या हॉलमध्ये झाली. सहा-सात जुनी मंडळी, चहा, भिंतीवर फोटो. सुभेदारांनी क्षणाचाही विलंब न लावता रेल्वेच्या एका बॉक्सरचं नाव घेतलं. राष्ट्रीय स्पर्धा, उपांत्य लढत. "तिसऱ्या राउंडमध्ये तीनदा पाडलं त्याने मला. तिन्ही वेळा उठलो आणि ३-२ जिंकलो. त्याच्यासारखा दुसरा भेटला नाही." हॉलमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. ही गोष्ट त्यांनी सत्कारांमध्ये अनेकदा ऐकली होती.

आमचा प्रशिक्षक तेव्हा काही बोलला नाही. बाहेर आल्यावर मात्र त्याने बरोबर बोट ठेवलं. एका राउंडमध्ये तीन काउंट झाले असते तर लढत तिथेच थांबली असती आणि सुभेदार आरएससीने हरले असते. ३-२ हा निकाल आणि तीन काउंट या दोन गोष्टी एका लढतीत बसतच नाहीत.

दुसरा धागा एका हवालदारांनी काढला. ते सुभेदारांचे जुने सहकारी, बऱ्याच लढतींत त्यांच्या कॉर्नरला सेकंड, म्हणजे मदतनीस, म्हणून उभे राहिलेले. चहा संपता संपता ते म्हणाले, "साहेब, आणि तो हरियाणाचा? त्याचं नाव नाही घेतलंत."

"तो चांगला होता," सुभेदार म्हणाले. "पॉइंटवर गेलो मी त्याच्याशी. पण त्यात अवघड असं काही नव्हतं."

हवालदारांनी खाली बघितलं आणि विषय बदलला. माझ्या मनात ते खाली बघणं राहिलं.

पुढच्या आठवड्यात सुभेदारांच्या मुलीने घरातली पत्र्याची पेटी उघडून दिली. आत वर्तमानपत्रांची कात्रणं, प्रमाणपत्रं, रेशमी फीत निघून गेलेली दोन पदकं आणि त्यांची वैद्यकीय नोंदवही. हौशी बॉक्सरला ही नोंदवही प्रत्येक स्पर्धेत दाखवावी लागते. लढतीनंतर डॉक्टर त्यात शेरा लिहितो. नॉकआउट झाला किंवा डोक्यावरच्या ठोशांमुळे लढत थांबली तर किमान चार आठवडे रिंगमध्ये उतरायला बंदी येते आणि ती तारखेसकट लिहिली जाते.

रेल्वेच्या बॉक्सरबरोबरच्या लढतीचं कात्रण मिळालं. निकाल ३-२, सुभेदारांच्या बाजूने. तिसऱ्या राउंडमध्ये एक काउंट झाल्याचा उल्लेख होता, तीनचा नव्हता. नोंदवहीत त्या दिवशी शेरा साधाच. आणखी काही पानं उलटल्यावर हरियाणाच्या बॉक्सरबरोबरची लढत आली. शेरा होता : आरएससी-एच, दुसरा राउंड. खाली चार आठवड्यांची बंदी आणि डॉक्टरची सही.

सुभेदार पॉइंटवर हरले नव्हते. आयुष्यात एकदाच त्यांची लढत डोक्यावरच्या मारामुळे थांबली होती आणि ज्याने ती थांबवायला लावली, तो त्यांच्या यादीत कुठेच नव्हता.

समोर असलेले पर्याय

माजी सचिवांचं मत स्पष्ट होतं : आहे तसं छापावं. स्मरणिका हे गौरवाचं पुस्तक आहे, चौकशी अहवाल नाही. माणसाने चाळीस वर्षं जपलेली गोष्ट आपण कशाला उसवायची? या मताला वजन होतं आणि मी ते हलकं मानत नाही. पण रेल्वेच्या बॉक्सरचं कुटुंब स्मरणिका वाचणार होतं. हरियाणाचे बॉक्सर हयात होते, त्यांच्यापर्यंतही ती जाणार होती. एकाला तीनदा पाडल्याचं श्रेय द्यायचं आणि दुसऱ्याचा खरा विजय पॉइंटवर आणून ठेवायचा, हे दोघांवरही अन्यायाचं झालं असतं.

दुसरा पर्याय कागदावरून क्रम लावण्याचा होता. ज्याने हरवलं तो अवघड, ज्याने थांबवलं तो सर्वांत अवघड. दिसायला हे चोख वाटतं, पण बॉक्सिंग इतकं सरळ चालत नाही. मुहंमद अलींचंच बघा. केन नॉर्टननी ३१ मार्च १९७३ रोजी सॅन डिएगोत त्यांचा जबडा मोडला आणि लढतही जिंकली. पुढच्या दोन लढती अलींनी जिंकल्या, पण त्यांतली पहिली पंचांच्या विभागलेल्या मताने, आणि १९७६ च्या यांकी स्टेडियमवरच्या दुसरीवर आजही वाद आहे. ३९ राउंडमध्ये नॉर्टननी अलींना जेवढं अडवलं तेवढं क्वचितच कोणी अडवलं असेल. तरी अलींचं गाजलेलं उत्तर वेगळं आहे. लिस्टन सर्वांत धडकी भरवणारा, फोरमन सर्वांत ताकदवान, पॅटरसन सर्वांत कसबी, आणि सर्वांत चिवट नि कणखर जो फ्रेझर. नॉर्टन त्यात नाहीत. अली खोटं बोलत होते का? मला तसं वाटत नाही. फ्रेझरबरोबर ते ४१ राउंड लढले. १९७१ साली पंधराव्या राउंडमध्ये फ्रेझरच्या डाव्या हुकने, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने, खाली बसले, १९७५ साली मनिलाच्या उकाड्यात चौदा राउंड काढले. शरीराने जे सोसलं त्याचं ते उत्तर होतं. गुणपत्रिकेला वेगळं काही विचारलं तर ती वेगळं सांगेल.

तिसरा पर्याय प्रश्नच वगळण्याचा. तो आम्ही लगेच बाजूला ठेवला. त्याने वाद टळला असता, पण मुलाखतींतला जीवच गेला असता.

उरला चौथा : एका मोठ्या प्रश्नाचे तुकडे करायचे. 'द रिंग' या अमेरिकन मासिकाचं एक सदर वर्षानुवर्षं हेच करतं. निवृत्त बॉक्सरला एकदम 'सर्वश्रेष्ठ कोण' असं न विचारता सर्वोत्तम जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) कोणाचा, बचाव कोणाचा, हात कोणाचे वेगवान, पाय कोणाचे, हनुवटी कोणाची टणक, डोकं कोणाचं चाललं, अंगात ताकद कोणाच्या, ठोसा कोणाचा जड, असं एकेक विचारलं जातं आणि मग शेवटी एकूण सर्वोत्तम कोण ते. अलींनी दिलेलं उत्तरही एका अर्थी असंच तुकड्यांत दिलेलं आहे.

तुकड्यांतली उत्तरं जास्त भरवशाची असतात, असं मला अर्नी शेव्हर्स यांच्यामुळे वाटतं. शेव्हर्स हे सत्तरच्या दशकातले अमेरिकन हेवीवेट, जगज्जेते कधीच झाले नाहीत. अलींनी त्यांना सप्टेंबर १९७७ मध्ये न्यूयॉर्कला १५ राउंडमध्ये गुणांवर हरवलं. रॉन लाइल यांनी १९७५ साली सहाव्या राउंडमध्ये बाद केलं. लॅरी होम्स यांनी १९७९ साली सातव्या राउंडमध्ये जमिनीवर पडूनही उठून अकराव्यात लढत संपवली. या तिघांनी वेगवेगळ्या वेळी एकच सांगितलं की सर्वांत जड ठोसा शेव्हर्स यांचा. यांतले दोघे, अली आणि लाइल, जॉर्ज फोरमनशी लढलेले होते. होम्स तर १९८८ साली माइक टायसनकडून चौथ्या राउंडमध्ये बाद झालेले होते. आपण हरवलेल्या माणसाची ताकद वाढवून सांगितली की आपलाही मोठेपणा वाढतो, हा आक्षेप इथे घेता येईल. पण तीन वेगळ्या माणसांनी त्यासाठी एकाच माणसाची आणि एकाच गुणाची निवड करावी, हे निव्वळ बढाईने जुळून येत नाही. शेव्हर्स यांच्या नावावर सत्तरच्या आसपास नॉकआउट आहेत, तेही याच बाजूने बोलतात.

एकूण मूल्यमापन मात्र माणसाच्या आयुष्याबरोबर बदलत जातं. किन्शासात ३० ऑक्टोबर १९७४ रोजी अलींकडून हरल्यावर फोरमन कित्येक वर्षं पाण्यात काहीतरी घातलं होतं, रिंगचे दोर सैल होते, काउंट घाईने झाला, अशी कारणं देत होते. उतारवयात तेच फोरमन अलींबद्दल अपार आदराने बोलायचे, दोघांची मैत्री झाली होती. लढत तीच होती. बदलला होता तो ती सांगणारा माणूस.

काय केलं

आम्ही चौथा पर्याय घेतला आणि त्याला तीन अटी जोडल्या. मुलाखत एकट्याची घ्यायची, हॉलमध्ये सगळ्यांसमोर नाही. आधी आठवणीतून बोलू द्यायचं, कागद नंतर दाखवायचे. आणि जो प्रतिस्पर्धी हयात असेल त्याला किंवा त्याच्या घरच्यांना तीच लढत विचारायची.

सुभेदारांच्या घरी ही दुसरी बैठक झाली. ठोसा कोणाचा जड, असं विचारल्यावर त्यांनी ना रेल्वेचं नाव घेतलं, ना हरियाणाचं. त्यांनी नाव घेतलं स्वतःच्याच पलटणीतल्या एका बॉक्सरचं, ज्याच्याशी ते रोज स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, करायचे. तो कधी राष्ट्रीय स्पर्धेला गेला नाही, कारण त्या वजनात सर्व्हिसेसकडून सुभेदारच जायचे. कुठल्याच निकालपत्रात त्याचं नाव नाही. "चौदा औंसी ग्लोव्हमधून सुद्धा बरगडीत कळ जायची," ते म्हणाले. हवालदारांनी आणि आणखी एका सहकाऱ्याने न विचारता त्याच माणसाचं नाव घेतलं. फोरमननीही त्यांना सर्वांत जोरात मारणाऱ्या तीन माणसांत क्लीव्हलंड विल्यम्स यांचं नाव घेतलं होतं, आणि विल्यम्सशी त्यांची गाठ फक्त स्पारिंगमध्ये पडलेली. निकालपत्रावरून क्रम लावला तर अशी माणसं कायमची गळतात.

मग रेल्वेच्या बॉक्सरबद्दल विचारलं. सुभेदार खुर्चीतून उठले. डावा पाय किंचित बाहेर टाकला, डावं कोपर बरगडीला चिकटवलं, उजवा खांदा हनुवटीखाली आणला आणि तिथून, कंबर वळवून, हुक वर आणला. "हा यायचा. हात दिसायचा नाही, खांदा हलायचा फक्त. तो पाय बाहेर टाकायचा तेव्हा समजायचं." प्रशिक्षकाने त्यांना तेच आणखी दोनदा करायला सांगितलं. दोन्ही वेळा पाय तिथेच पडला. पुढे आम्हाला त्या रेल्वेच्या बॉक्सरचा सरावातला एक जुना फोटो मिळाला. त्यात डावा पाय तसाच बाहेर होता.

तेव्हा हाताची, पायाची, अंतराची आठवण पक्की होती. आकडे डळमळीत होते. कात्रण दाखवल्यावर सुभेदारांनी ते दोनदा वाचलं आणि स्वतःच सांगितलं की बाकीचे काउंट बहुधा त्याच बॉक्सरविरुद्ध आधी झालेल्या एका रेल्वे-सर्व्हिसेस मैत्री लढतीतले असावेत. दोन लढती एकत्र शिवल्या गेल्या होत्या. असं होणं समजण्यासारखं आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर यांनी १९९६ साली रुग्णांच्या वेदनांवर केलेल्या अभ्यासात दाखवलं की माणूस एखादा त्रासदायक अनुभव आठवताना त्यातला कळसाचा क्षण आणि शेवट यांवरून तोलतो, तो किती वेळ चालला याला फारसं महत्त्व देत नाही. तिसऱ्या राउंडमध्ये पडून उठणं आणि लगेच ३-२ चा हात वर होणं, म्हणजे कळस आणि शेवट एकाच मिनिटात. ती लढत मनात सर्वांत वर जाऊन बसणारच.

खरा कठीण निर्णय पुढे होता : आरएससी-एचचा शेरा त्यांना दाखवायचा का?

मुलीशी बोललो. ती म्हणाली, "अप्पांना दाखवा, पण चारचौघांत नको. आणि हवालदार काकांना बोलवा." तिने हवालदारांना का बोलवायला सांगितलं ते मला तेव्हा कळलं नाही. आम्ही चौघंच बसलो. आधी नुसतं विचारलं, हरियाणाच्या लढतीचं काय आठवतं? रिंगपर्यंत चालत जाणं आठवत होतं. बँडेज ओलं झालं होतं ते आठवत होतं. पहिल्या राउंडचा थोडा भाग आठवत होता. मग एकदम ड्रेसिंग रूम, आणि भुवईवर बर्फ. "भुवई फाटली म्हणून महिनाभर रिंगबंद केली होती," ते म्हणाले. मधला भाग विचारल्यावर ते थांबले. "पॉइंटवर गेलो," एवढंच पुन्हा आलं.

नोंदवही समोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून शेरा वाचला, सही वाचली, तारीख वाचली. मग हवालदारांकडे बघितलं.

हवालदार बोलले तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. "साहेब, उस्तादांनीच सांगितलं होतं. तुम्हाला काही आठवत नव्हतं. उस्ताद म्हणाले, याला पॉइंटवर गेला असं सांगा. पुढे ट्रायल आहेत, मनात भीती राहिली तर हा गार्ड खाली घेणार नाही पण पुढेही येणार नाही." उस्ताद म्हणजे त्यांचे प्रशिक्षक. भुवईचं कारणही त्यांनीच दिलेलं. कॉर्नरच्या तिघांनी ते चाळीस वर्षं पाळलं.

इथे आठवण पुसट झालेली नव्हती. ती मुळात तयारच झाली नव्हती. डोक्याला जोरात मार बसला की त्याच्या आसपासची काही मिनिटं मेंदूत पक्की होत नाहीत, ही वैद्यकशास्त्रात चांगली ठाऊक असलेली गोष्ट आहे. बॉक्सरांच्या मेंदूवर होणाऱ्या परिणामांबद्दल अमेरिकन डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ सालीच लिहिलं होतं. त्या रिकाम्या जागेत दुसऱ्यांनी दिलेली गोष्ट बसवली गेली, आणि पुढे ती स्वतःचीच वाटायला लागली. सुभेदार बोलण्या-चालण्यात, रोजच्या व्यवहारात पूर्ण स्पष्ट आहेत. यात त्यांच्या वयाचा किंवा आजाराचा संबंध आम्ही जोडला नाही आणि तसा जोडायचा आम्हाला अधिकारही नव्हता.

मग हरियाणाच्या बॉक्सरना फोन केला. ते आता प्रशिक्षक आहेत. मोकळेपणाने बोलले, पण ती लढत त्यांना आठवेना. "सर्व्हिसेस का लड़का? कौन-सा साल था?" त्यांनी आपली जुनी वही काढली. त्या तारखेपुढे 'जीता, दूसरा राउंड' एवढंच लिहिलेलं होतं. त्यांचा सर्वांत अवघड प्रतिस्पर्धी वेगळाच होता, ज्याच्याशी ते तीनदा लढले आणि तिन्ही लढती ३-२ झाल्या.

रेल्वेचे बॉक्सर आता नाहीत. त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं की बाबांच्या तोंडी सुभेदारांचंच नाव असायचं. "ती लढत मीच जिंकलो होतो, पंचांनी दिली नाही, असं ते शेवटपर्यंत म्हणायचे."

काय निष्पन्न झालं

हे दोन फोन आणि एक नोंदवही शेजारी ठेवल्यावर जे दिसलं ते मला या सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं. अटीतटीची लढत दोघांच्याही आठवणीत राहिली आणि दोघांनीही एकमेकांना पहिला क्रमांक दिला. एकतर्फी लढत कोणाच्याच आठवणीत राहिली नाही. हरणाऱ्याच्या डोक्यात ती नोंदलीच गेली नव्हती, जिंकणाऱ्याला ती लक्षात ठेवावी अशी वाटली नव्हती. म्हणून निवृत्त बॉक्सर जेव्हा सर्वांत अवघड माणूस सांगतो, तेव्हा तो बहुतेक वेळा आपल्या तोडीचा माणूस सांगत असतो. त्याच्यापेक्षा खूप वरचा माणूस त्या उत्तरातून निसटतो. दोघांच्या मताने एखाद्या बॉक्सरची जागा ठरवायची झाली तर हरियाणाच्या त्या माणसाची जागा नक्कीच खाली लागली असती, आणि कागद सांगतो की त्याने सर्व्हिसेसच्या पहिल्या पसंतीच्या बॉक्सरला दुसऱ्या राउंडमध्ये थांबवलं होतं.

छापायचं काय, हे अखेर सुभेदारांनीच ठरवलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "छापा सगळं. फक्त उस्तादांना दोष द्यायचा नाही. त्यांनी मला पुढच्या ट्रायलला उभं केलं." त्यांच्या मुलाखतीचं पान मग असं झालं : वर त्यांच्याच शब्दांत रेल्वेच्या बॉक्सरची गोष्ट, एका काउंटसकट. त्याखाली ठोसा, हात, पाय, डोकं अशी वेगवेगळी नावं, आणि त्यांत पलटणीतल्या त्या अनाम स्पारिंग जोडीदाराचं नाव पहिल्यांदाच छापलं गेलं. शेवटी हरियाणाच्या लढतीबद्दल सुभेदारांचं एक वाक्य : ज्याने मला थांबवलं, त्याचं नाव मी इतकी वर्षं घेतलं नाही, कारण तो मला आठवतच नव्हता.

माजी सचिवांना शेवटपर्यंत हे पान जड वाटलं. रेल्वेच्या कुटुंबाला ३-२ हा निकाल पुन्हा छापलेला आवडला नाही, तरी वडिलांचं नाव पहिलं आलं याचा त्यांना आनंद झाला. स्पारिंग जोडीदाराच्या नातवाने क्लबमध्ये नाव नोंदवलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली मुलाखत हॉलमध्ये, सगळ्यांसमोर झाली ही या प्रकरणातली सर्वांत महागात पडू शकणारी गोष्ट होती. गोष्ट सांगणारा तिथे श्रोत्यांना ओळखीची वाटणारी आवृत्ती सांगतो, आणि ज्याला खरं माहीत असतं तो खाली बघतो. हवालदार त्या दिवशी एकटे असते तर पहिल्याच बैठकीत बोलले असते, असं मला वाटतं.

नोंदवही आधी बघून मग मुलाखतीला जावं की आठवण आधी ऐकावी, यावर प्रशिक्षक आणि माझं अजून एकमत नाही. त्याच्या मते प्रश्न विचारणाऱ्याला कागद आधी माहीत असायलाच हवेत, नाहीतर रिकामी जागा कुठे आहे ते कळतच नाही. माझ्या मते कागद वाचून गेलेला माणूस नकळत त्या दिशेने ढकलतो. निदान विचारणारा एक आणि कागद वाचणारा दुसरा असावा, यावर आम्ही आलो आहोत.

नोंदवही दाखवण्याआधी एखाद्या डॉक्टरला विचारायला हवं होतं, हेही खरं. सुभेदारांनी ते पचवलं, हवालदार सोबत होते, मुलगी शेजारच्या खोलीत होती. ज्या बॉक्सरच्या नोंदवहीत असे शेरे तीन-चार असतील, ज्याला घरचे अलीकडे विसरतो म्हणून सांगत असतील, त्याच्यासमोर असा कागद ठेवणं हे स्मरणिकेच्या संपादकांचं काम नाही. तिथे आधी उपचार, मग मुलाखत.

आणि प्रतिस्पर्ध्यांना फार उशिरा विचारलं गेलं. रेल्वेचे बॉक्सर काही वर्षांपूर्वीपर्यंत मुंबईत होते. त्यांनी सुभेदारांच्या डाव्या हाताबद्दल काय सांगितलं असतं, ते आता मुलाच्या एका वाक्यावरून ओढून ताणून काढावं लागतं.

क्लबमधली सध्याची पोरं आता लढतीच्या त्याच रात्री एक पान भरतात. समोरचा कोण, कुठला ठोसा लागला, कुठे चुकलो, परत लढायचं झालं तर काय करीन. ही कल्पना प्रशिक्षकाची. शेवटचा रकाना मात्र बॉक्सरने भरायचा नाही, तो कॉर्नरला उभ्या असलेल्या माणसाने भरायचा, आणि त्यात काउंट किती झाले आणि लढत कशी संपली हे खरं तेच लिहायचं, असं त्याने पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगितलं आहे.